चूक किती मीटरची, ते आधी बघा

गेल्या पावसाळ्यात एका मुलाचा फोन आला. नोकरीला लागून चारच महिने झालेले. "सर, रस्त्याचं ड्रॉइंग उघडलंय. पॉइंट सगळे आलेत म्हणतंय, पण स्क्रीनवर काहीच दिसत नाही." त्याला म्हटलं, झूम एक्स्टेंट्स दे आणि कोपरे बघ. काळ्या पडद्यावर खाली डावीकडे एक ठिपका होता, वर उजवीकडे दुसरा. पहिला ठिपका म्हणजे टोटल स्टेशनचं काम, १०००, १००० असं मनानं धरून सुरू केलेलं. दुसरा डीजीपीएसचं काम, यूटीएममधलं. दोन्ही ठिपके म्हणजे एकाच गावचा एकच रस्ता होता.

गावात हा रस्ता कुठून जातो हे कोणीही दाखवील. ड्रॉइंगला मात्र ते सांगावं लागतं, आणि आपण अर्धवट सांगतो. ३७९३००, २०४८००० एवढ्या दोन आकड्यांनी जागा ठरत नाही. डेटम कोणता, झोन कोणता, एकक कोणतं हे बरोबर असेल तरच हे आकडे पुण्यात येतात. म्हणून ड्रॉइंग जुळत नसलं की मी आधी सेटिंगला हात लावत नाही. दोन्हीकडे ओळखू येणारी एक जागा शोधतो, देवळाचा कळस, विहिरीचा काठ, पुलाचा कोपरा, आणि दोहोंतलं अंतर मोजतो. बहुतेक वेळा तो आकडाच चूक कुठली ते सांगतो.

सगळ्यात मोठी चूक सापडायला सगळ्यात सोपी. यूटीएममध्ये ७२ ते ७८ अंश रेखांशाचा पट्टा म्हणजे झोन ४३ आणि ७८ ते ८४ म्हणजे झोन ४४. गोवा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग ४३ मध्ये. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली ४४ मध्ये. पुण्याचे वरचेच आकडे कोणी ४४ मध्ये टाकले तर काम सव्वासहाशे किलोमीटर पूर्वेला, तेलंगणात भूपालपल्लीच्या आसपास जाऊन पडतं. एवढी चूक लपत नाही. त्रास होतो तो सीमेवर. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यात ७८ अंशांचं रेखावृत्त ओलांडतो. अशा लांब कामात झोन कुठे बदलायचा हे पहिल्या दिवशी ठरवून लिहून ठेवावं लागतं. सगळं ४३ मध्येच ओढत नेलं तर नागपूरपाशी किलोमीटरमागे जवळपास १.८ मीटर जास्त लांबी येते.

आता सव्वाशे मीटर. हा आकडा दिसला की मला एव्हरेस्ट आठवतो, शिखर नव्हे, माणूस. १८०२ मध्ये लॅम्बटननं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटला आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं ते हिमालयापर्यंत नेलं. त्याच्या १८३० च्या आकड्यांवरून पृथ्वीचा जो लंबगोल ठरला, त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरला. भारताच्या जमिनीला तो चांगला बसतो, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला. पण त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्यावर नाही, आणि त्याची विषुववृत्तीय त्रिज्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ पेक्षा साडेआठशे मीटरच्या आसपास कमी आहे. त्यामुळे पुण्यातल्या एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन डेटमवर साधारण सव्वाशे मीटरनं वेगळे येतात. यूटीएमच्या नॉर्दिंगमधला फरक तर अडीचशेच्या वर जातो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं नागरी वापराची ओपन सिरीज डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आणली. कपाटातल्या जुन्या टोपोशीट, धरण-कालव्यांचे जुने नकाशे मात्र एव्हरेस्टवरच आहेत.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात अनुभवी माणसंही अडकलेली मी पाहिली आहेत. सॉफ्टवेअरच्या यादीत 'इंडियन १९७५' असं नाव दिसतं. नाव आपलं वाटतं म्हणून माणूस ते निवडतो. तो डेटम थायलंडसाठी आहे. 'इंडियन १९५४' म्यानमार-थायलंडचा, 'इंडियन १९६०' व्हिएतनाम-कंबोडियाचा. आपल्याला हवा तो 'कलियानपूर १९७५' या नावानं आहे. त्याचं डब्ल्यूजीएस ८४ कडे सरकण्याचं प्रचलित माप एक्समध्ये २९५, वायमध्ये ७३६ आणि झेडमध्ये २५७ मीटर. चिन्ह उलटं पडलं तर काम सुधारण्याऐवजी आणखी दूर जातं. शिवाय ही मापं देशभराची सरासरी आहेत, त्यांवर दहा-वीस मीटरचाच भरवसा. टोपोशीट आणि उपग्रहचित्र एकावर एक पाहायला ती पुरेत. हद्दीचा दगड रोवायला मुळीच नाही. त्यासाठी दोन्ही पद्धतींत माहीत असलेले चार-पाच पक्के बिंदू शेतात उभं राहून घ्यावे लागतात.

बरोबर डेटम निवडूनही काम हलत नाही, तेव्हा बहुधा निवडण्याची जागा चुकलेली असते. सिव्हिल थ्रीडीत ड्रॉइंगला झोन नेमणं किंवा क्यूजीआयएसमध्ये लेअरचा सीआरएस 'सेट' करणं म्हणजे डब्यावर चिठ्ठी लावणं. हळदीच्या डब्यावर तिखटाची चिठ्ठी लावली म्हणून आतली हळद तिखट होत नाही. आकडे खरोखर एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत न्यायचे तर रूपांतर करून नवी फाइल काढावी लागते. आणि काही झालं तरी 'मूव्ह' कमांडनं ओढून बसवायचं नाही. एका कोपऱ्यात जुळलेलं ड्रॉइंग दुसऱ्या कोपऱ्यात फाकतं, आणि पुढच्या माणसाला ते कधी, कोणी, किती ओढलं याचा पत्ता लागत नाही.

उंचीचं दुखणं निराळं, कारण ते प्लॅनमध्ये दिसत नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर वाळूत रोव्हर धरला तर तो उणे साठच्याही खालची उंची दाखवतो. रोव्हर बिघडलेला नसतो. तो डब्ल्यूजीएस ८४ च्या लंबगोलापासूनची उंची सांगतो, आणि आपल्याकडे समुद्राची सरासरी पातळी त्या लंबगोलाच्या साठाहून जास्त मीटर खाली आहे. कंट्रोलरमध्ये जिऑइड मॉडेल चालू केलं की आकडा जमिनीवर येतो. अर्धे पॉइंट मॉडेलसह आणि अर्धे त्याविना घेतले, तर कंटूरमध्ये उभा कडा दिसतो आणि चूक पकडली जाते. दोन टीमनी दोन वेगळी मॉडेलं वापरली तर फरक थोडाच पडतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ५००० ला १ उताराच्या कालव्यात किलोमीटरला वीसच सेंटिमीटर उतार असतो. तिथे एवढा फरकही पाणी उलटं फिरवायला पुरतो. मुंबईत तर तिसरीच भाषा. महापालिकेच्या परवानगीत सखल भूखंड '९२ टीएचडी' पर्यंत भरा अशी अट असते. ते फूट आहेत, टाउन हॉल डेटमवरचे. बेंचमार्कवर लेव्हल लावून खात्री केल्याशिवाय कोणतीही उंची पुढे देऊ नये.

मग येते साइटवरून तक्रार: "तुमचं ड्रॉइंग टेपला जुळत नाही." इथे ड्रॉइंग आणि टेप दोघंही खरं बोलत असतात. यूटीएमच्या मधल्या रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ असतं, वर जमिनीच्या उंचीचा परिणाम. अहिल्यानगरजवळ जमिनीवरचा किलोमीटर ग्रिडवर जवळपास अर्धा मीटर कमी भरतो. घराच्या प्लॉटला हे जाणवत नाही, पुलाच्या खांबांना जाणवतं. ग्रिड की ग्राउंड, आणि गुणक किती, हे शीटवर लिहिलंच पाहिजे.

फुटाचं थोडक्यात: अमेरिकी सर्व्हे फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांत दहा लाखांत दोनचाच फरक आहे, पण वीस लाख मीटरच्या नॉर्दिंगवर तो चार मीटर होतो. आणि महाराष्ट्रात ईस्टिंग सहा आकडी, नॉर्दिंग सात आकडी. सीएसव्ही आयात करताना रकाने उलटे झाले असतील तर एवढ्यावरून कळतं.

गट नकाशांबद्दल कळकळीनं सांगतो. ते शंकू साखळीनं मोजलेले, तेहतीस फुटी साखळीचे, एक साखळी बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा. त्यांना डेटम नाही. उपग्रहचित्रावर बांध पाहून ते ताणून बसवायचे आणि त्यावरून शेजाऱ्याचं अतिक्रमण काढायचं, असं घडताना मी पाहिलं आहे. भावाभावांत त्यावरून बोलणं बंद होतं. तशा जुळवणीवर हद्द ठरवू नका. ती मोजणीत, जागेवर, जुन्या दगडांवरून ठरते.

ड्राफ्ट्समन मित्रांनो, दिवाळीची सुट्टी संपवून पहिलं ड्रॉइंग उघडाल तेव्हा टायटल ब्लॉकमध्ये पाच ओळी भरा: डेटम, झोन आणि ईपीएसजी क्रमांक, एकक, उंचीचा आधार आणि जिऑइड मॉडेल, बेस बिंदूची जागा आणि तारीख. तारीख यासाठी, की आपली भूमी वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते आहे.