आधी लंघन, मग चूर्ण

आषाढ लागला की रसायनीजवळून वाहणारी पाताळगंगा गढूळ होते. घाटाखालून येणारे तिचे पाणी माती आणि पालापाचोळा घेऊन आपट्याकडे धावते. भूक मंदावते, पोट जड राहते, करपट ढेकरा येतात. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त नेमक्या या दिवसांसाठी पथ्य लिहून ठेवले आहे. पावसाळ्यात माणसाचा अग्नी, म्हणजे पचनशक्ती, सर्वांत दुबळा असतो, असे तो सांगतो. नदीचे पाणी पिऊ नये. विहिरीचे, पावसाचे किंवा उकळलेले पाणी प्यावे. धान्य जुने असावे आणि दिवसा झोपू नये. फारच झड लागली असेल तर जेवण हलके, थोडे आंबट-खारट आणि स्निग्ध असावे.

जंतूंचा शोध लागायच्या कितीतरी आधी दिलेला हा सल्ला आजही खालापूर-कर्जतच्या कुठल्याही गावात जसाच्या तसा लागू पडतो.

रसायनी हे नाव आयुर्वेदातले वाटेल, पण ते आले कारखान्याच्या रसायनांवरून. 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीच्या कारखान्याभोवती ही वसाहत वाढली. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नावही रसायन आहे. शरीराचे बळ आणि आयुष्य टिकवणारी ती चिकित्सा. तिचा पाया असतो चांगले पचलेले अन्न.

अजीर्ण म्हणजे फक्त ‘ॲसिडिटी’ असे जुने वैद्य मानत नसत. माधवकराच्या ‘माधवनिदाना’त त्याचे प्रकार वेगवेगळे ओळखायला शिकवले आहे. पोट जड होऊन मळमळते ते आमाजीर्ण. आंबट ढेकरा, जळजळ आणि तहान लागते ते विदग्धाजीर्ण. पोट फुगून दुखते आणि वारा सरत नाही ते विष्टब्धाजीर्ण. ढेकर शुद्ध येते, तरी अन्नावर वासना नसते, ते रसशेषाजीर्ण. उपायही त्याप्रमाणे निरनिराळे आहेत. आमाला लंघन, विदग्धाला वमन, विष्टब्धाला शेक आणि रसशेषाला काही न खाता विश्रांती. या चार उपायांत चूर्ण किंवा गोळी एकही नाही. अन्न थांबवणे किंवा बाहेर काढणे, ऊब देणे आणि झोपणे, एवढेच आहे. औषध त्यानंतर येते.

प्रमाणाचा नियमही तितकाच साधा आहे. पोटाचे चार भाग कल्पावेत, दोन घन अन्नाने भरावेत, एक पातळ पदार्थांनी आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे वाग्भट सांगतो. चरक या प्राचीन वैद्याचा भर वेळेवर आहे. आधीचे अन्न जिरल्याशिवाय पुढचे घेऊ नये. शिवाय चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रासलेल्या आणि जागरण करणाऱ्या माणसाला मोजून खाल्लेले पथ्याचे अन्नही पचत नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे.

या शेवटच्या मुद्द्याची प्रत्यक्ष पडताळणी झाली ती दूर अमेरिकेत. 1822 साली ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण पोटाला पडलेले भोक बुजले नाही. त्यातून विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने वर्षानुवर्षे पचन डोळ्यांनी पाहिले आणि 1833 मध्ये आपली निरीक्षणे छापली. सेंट मार्टिन रागावला की त्याच्या पचनात बिघाड होतो, हे बोमाँटने नोंदवले.

स्वयंपाकघरातल्या औषधांत पहिला मान हिंगाचा. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात हिंगावर एक संवाद लिहिला आहे. त्यात एका घोड्याची गोष्ट येते. विजयनगरात एका पोर्तुगीजाकडे मोठ्या किमतीचा घोडा होता, पण त्याला वाताचा त्रास असल्याने राजा तो घेईना. मालकाने त्याला पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला आणि राजाने तो चांगली किंमत देऊन विकत घेतला.

‘हिंग्वाष्टक’ चूर्णात याच हिंगाला सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा किंवा अजमोदा, सैंधव, जिरे आणि शहाजिरे यांची जोड असते. ते घ्यायची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेवणाच्या पहिल्या घासाला, भात आणि तुपाबरोबर. पोट बिघडल्यावर फक्की मारायची, असा त्याचा मूळ वापर नाही.

‘अजीर्णामृतमंजरी’ नावाच्या छोट्या संस्कृत पुस्तकात तर कोणत्या पदार्थावर कोणता उतारा, याची यादीच आहे. फणस बाधला तर केळे, केळ्यावर तूप, तुपावर लिंबाचा रस. नारळावर तांदूळ, आंब्यावर दूध. फणस, नारळ आणि तांदूळ ज्यांच्या रोजच्या खाण्यात आहेत, त्या कोकणी माणसाला ही यादी वाचताना आपलेच ताट दिसेल. यातल्या प्रत्येक जोडीला आजच्या विज्ञानाचा आधार आहे, असे समजू नये. शतकानुशतकांच्या अनुभवाची ती टिपणे आहेत.

कर्जत-खालापूरच्या रानाचाही यात वाटा आहे. पीळ घातल्यासारखी दिसणारी मुरुडशेंग पोटातल्या मुरड्यावर उगाळून देतात. कुड्याची साल जुलाब आणि आवेवर वापरतात, त्यापासूनच कुटजारिष्ट बनते. ही झाडे ओळखणाऱ्यांत इथले ठाकूर आणि कातकरी पुढे आहेत.

हे ज्ञान पोथीतून दुकानात आले ते एकोणिसाव्या शतकात. रसायनीपासून जवळच, पनवेलला, वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 1872 मध्ये श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. 1880 मध्ये डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी ‘अष्टांगहृदया’ची आवृत्ती मुंबईत छापून काढली. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ने घरगुती औषधे सामान्य वाचकांपर्यंत नेली. ग्रंथ छापले गेले, बाटल्या भरल्या गेल्या. पण बाटलीत चूर्ण भरता आले, जेवणाची वेळ आणि पोटाचा मोकळा चौथा भाग भरता आला नाही. पाळी बदलली की जेवणाची आणि झोपेची वेळ बदलते, अशा कारखान्यांच्या गावात ही उणीव अधिक जाणवते.

जुन्या वैद्यांना न दिसलेलेही बरेच काही आहे. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी 1980च्या दशकात जठराच्या व्रणामागे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू असतो, हे दाखवून दिले. त्यासाठी त्यांना 2005 चे नोबेल मिळाले. असा व्रण हिंगाने बरा होत नाही. म्हणून वजन घटत असेल, घास अडकत असेल, शौचाला काळे होत असेल किंवा उलटीत रक्त दिसत असेल, तर घरचे उपाय करत बसू नये, डॉक्टरकडे जावे. छातीतली कळ ‘गॅस’ समजून अंगावर काढू नये, ती हृदयाची असू शकते.

एरवी, या पावसाळ्यात पोट जड वाटले तर औषधाच्या डब्याकडे वळण्याआधी रात्रीचे एक जेवण सोडून पाहा, पाणी उकळून प्या आणि दुसऱ्या दिवशी कडकडून भूक लागल्यावरच पेजेची वाटी हातात घ्या.