वीज होती, हिशेब नव्हता
(वाकड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, ऊर्जासुरक्षा म्हटलं की डोळ्यांपुढे तेलाची जहाजं आणि अणुभट्ट्या येतात. मी मात्र आपल्याच भागातलं उदाहरण घेतो.

2006 साल आठवा. राज्याच्या बहुतेक भागात भारनियमन चालू होतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड त्या वर्षी त्यातून मोकळे झाले, तेही नवं वीजकेंद्र न उभारता. मग वीज आली कुठून?

ती कारखान्यांच्या आवारातच होती. मोठ्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर होते. महावितरणची वीज असताना ते बंद असत, कारण त्यांची वीज महाग पडते. ‘सीआयआय’ या उद्योग संघटनेच्या योजनेत ठरलं असं, की टंचाईच्या तासांत कारखान्यांनी जनरेटर चालवायचे. त्यांची वाचलेली वीज शहराला मिळेल.

आता पैसे कोण भरणार? समजा, शहराला 1,000 युनिट लागतात आणि 100 कमी पडतात. जनरेटरची वीज युनिटमागे 6 रुपयांनी महाग धरू. जादा खर्च झाला 600 रुपये. तो 1,000 युनिटांवर वाटला, तर युनिटला 60 पैसे. घरोघरी इन्व्हर्टर घेण्यापेक्षा हे स्वस्तच की!

राज्य वीज नियामक आयोगाने जनसुनावणी घेऊन योजना मंजूर केली. कमी वीज वापरणाऱ्या घरांवर जादा आकार नव्हता. या कामात पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाचे अभ्यासकही होते. तरी एक प्रश्न उरतोच: ज्या गावाला जादा पैसे परवडत नाहीत, त्याने अंधारातच बसायचं का?

बघा, यात यंत्र आहे, किंमत आहे, कायदा आहे आणि न्यायही आहे. आपल्या विद्यापीठांत हे विषय वेगवेगळ्या इमारतींत शिकवले जातात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी ते एकत्र आणले. किती वीजकेंद्रं हवीत, याच्या आधी ते विचारत, लोकांना कशासाठी किती ऊर्जा लागते?

असं शिक्षण इथंही देता येईल. महावितरणची दरवाढीची याचिका जाहीर होते. इंजिनिअरिंग, अर्थशास्त्र आणि कायदा शिकणारी तीन मुलं एकत्र बसवा, ती याचिका वाचायला द्या आणि जनसुनावणीत बोलायला पाठवा. आकडा कुठून आला हे विचारणारी माणसं तयार झाली, तर पुढच्या टंचाईत आपण नुसतं वीज येण्याची वाट बघत बसणार नाही.