कलाटणी : मिळालेली आणि दिलेली



मी भाषेचा पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली; पुढचे व्याकरण कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेताना आणि पत्रके लिहिताना शिकलो. पत्रक लिहिणाऱ्याला एका जातीचे शब्द वारंवार लागतात. काल होते ते आज राहिले नाही, येथून पुढे सारे वेगळे, हे सांगणारे शब्द. त्या शब्दांचा हिशेब आज आपणापुढे मांडावा असे योजले आहे.

मराठीत असे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे वजन निराळे आहे. 'वळण' घ्या. आगगाडी वळण घेते तेव्हा डब्यात बसलेल्याला ते पुष्कळदा कळतही नाही. खिडकीतून पुढचे डबे दिसू लागले म्हणजे कळते. हाच शब्द आपण अक्षराला लावतो, मुलाबाळांनाही लावतो. वळण लागते ते सवयीने, हळूहळू. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्याबरोबरच्या गिरणी कामगारांनी अर्ज व सभा यांचा पिच्छा पुरवून मुंबईच्या गिरणीमालकांकडून आठवड्याची सुट्टी मान्य करून घेतली. त्या दिवशी आकाश कोसळले नाही. पण रविवार हे वळण पडले, आणि ते इतके अंगवळणी पडले की ते कोणी पाडले हे आज आपल्याला सांगावे लागते.

'कलाटणी'त उलटण्याचा भाव आहे. ती एका झटक्यात बसते. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगावाने सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस. मजुरीच्या प्रश्नापलीकडे, देशाच्या प्रश्नावर, कामगार एवढ्या संख्येने रस्त्यावर आला ही कलाटणी होती.

'क्रांती' आणि 'संक्रांत' या एकाच धातूच्या लेकी. दोघींच्या पोटात पाऊल टाकणे, ओलांडणे हाच अर्थ. एकीच्या नावाने आपण घोषणा देतो आणि दुसरीच्या नावाने तिळगूळ वाटतो. तरी 'नोकरीवर संक्रांत आली' म्हटले की घरात चूल थंड होते. 'पर्व' म्हणजे मुळात सांधा, उसाचे किंवा बोटाचे पेर. दोन भाग जेथे जोडले जातात ती जागा. म्हणून नवे पर्व सुरू झाले म्हणताना जुने तुटले असे नव्हे, जुन्यालाच नवा सांधा फुटला, असे समजावे. राहिला 'मैलाचा दगड'. हा बिचारा उगाच मिरवतो. घाटकोपरहून मुलुंडकडे जाणारा जुना आग्रा रस्ता, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, त्यावर पूर्वी असे दगड असत. दगड किती चाललो ते सांगतो. वाट वळली की नाही ते सांगत नाही. आम्ही युनियनवालेही दर करारपत्राला 'ऐतिहासिक' म्हणतो. तीन वर्षांनी मुदत संपते आणि पुढचा ऐतिहासिक करार येतो!

परंतु नामांवर एवढे खल करून भागत नाही. खरी मेख क्रियापदात आहे. मराठीत फिरणे आहे तसे फिरवणे आहे. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, मिटणे–मिटवणे, पडणे–पाडणे. पहिल्यात कर्ता दिसत नाही, दुसऱ्यात तो उघड उभा राहतो. 'कलाटणी मिळाली' म्हटले की जणू ती वाऱ्यावरून आली. 'कलाटणी दिली' म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणी?

आमच्या धंद्यात हा फरक पोटापाण्याचा आहे. संपाचा शेवट सांगायला किती क्रियापदे! संप मिटला म्हणजे तडजोड झाली. फुटला म्हणजे आतून माणसे गळाली. मोडून काढला म्हणजे बाहेरून बळ आले. मागे घेतला म्हणजे निर्णय आपला. बारगळला म्हणजे कोणालाच काही करावे लागले नाही.

आता १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाला यांपैकी कोणते लावाल? सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. नेते डॉक्टर दत्ता सामंत आपल्या घाटकोपरचे, येथेच दवाखाना चालवणारे. मागण्या पगाराच्या होत्या, तशाच प्रतिनिधी निवडण्याच्या हक्काच्याही. कारण मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने दुसऱ्याच संघटनेला मान्यता होती. तो संप मिटला नाही आणि रीतसर मागे घेतल्याचे कोणी जाहीरही केले नाही. अडीच लाख माणसांच्या आयुष्यातली एवढी मोठी घटना, पण तिच्या शेवटाला क्रियापद मिळाले नाही.

क्रियापद मिळाले ते गिरण्यांना. 'संपामुळे गिरण्या बंद पडल्या.' हे वाक्य इतके रुळले की ते जणू पंचांगात लिहिलेले असावे. ते तपासून पाहा. संपापूर्वीच कित्येक गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती आणि यंत्रमागांनी बाजार ओढला होता. संपाने त्या खचल्या हे कामगारानेही नाकारू नये. पण संपानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा चालू झाल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी दुसऱ्या कामास लावण्याची वाट काढली. तीत एक वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक वाटा घरांसाठी होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि हे वाटे मोकळ्या जमिनीपुरतेच उरले. येथे कागद आहे, तारीख आहे, सही आहे. मग 'पडल्या' या एका शब्दाखाली हे सारे झाकायचे काय? काही पडल्या, काही पाडल्या. कोणती कशी, ते एकेका गिरणीचा कागद काढून सांगावे लागेल.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सगळीकडे 'पाडले', 'फोडले', 'घडवले' लिहिणारा माणूस इतिहास लिहीत नाही, फिर्याद लिहितो. पूर येतो, पटकी येते, यंत्र जुने होते. तेथे कर्ता शोधणे वेडेपणाचे. आरोप करणाऱ्या क्रियापदाला पुरावा लागतो. म्हणून माझी कसोटी साधी आहे. वळणाची गोष्ट सांगताना आधी 'कोणी?' असे विचारावे. उत्तर सापडले तर सकर्मक क्रियापद वापरावे, नाही सापडले तर अकर्मक. पण विचारल्याशिवाय अकर्मक वापरू नये.

हे काम आपल्या उपनगरांत आज निकडीचे आहे. अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथल्या जुन्या मंडळींना विचारा, कोणत्या रस्त्यावर कोणता भोंगा होत असे ते सांगतील. पुढे काय झाले म्हणाल तर उत्तर येते, 'कारखाने गेले, टॉवर आले.' मराठीत 'गेले' आपण माणसासाठी म्हणतो, आणि ते योग्यच आहे. तेथे जाब कोणाला विचारणार? पण कारखाना असा जात नाही. त्याच्या मागे नोटीस असते, ठराव असतो, खरेदीखत असते आणि हिशेब घेऊन घरी बसलेली माणसे असतात. त्यांतली पुष्कळ अजून आपल्या चाळीत, सोसायटीत, आपल्या घरातही आहेत. 'गेले' हा शब्द घाईने उच्चारण्यापूर्वी त्यांना एकदा विचारून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.