घरात आर्केड मशीन घेताय? आधी हे वाचा

पार्लरमध्ये एका कॉइनसाठी घरी थापा मारणारी पिढी आता चाळिशीत आली आहे. हातात पैसा आहे, दिवाणखान्यात एक कोपरा रिकामा आहे आणि बाजाराने हे बरोबर हेरलं आहे. ‘लहानपण परत आणा’, ‘एका मशीनमध्ये पाच हजार गेम’, ‘अस्सल पार्लरचा अनुभव’ अशा पाट्या लावून घरगुती आर्केड मशीन विकली जातात. घेणारा भावनेच्या भरात घेतो. दोन महिन्यांनी त्याच मशीनवर इस्त्रीचे कपडे ठेवलेले दिसतात. यात मशीनचा दोष थोडा, खरेदीआधीच्या गैरसमजांचा जास्त.

‘हे तेच जुनं मशीन’

नाही. ‘आर्केड मशीन’ या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे खरोखरचं जुनं मशीन. नाम्कोचा पॅक-मॅन १९८० साली आला, तेव्हा त्या साधारण पावणेसहा फुटी कपाटात एकच गेम असे आणि त्या एका गेमसाठीच आतला बोर्ड बनवलेला असे. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने ‘जामा’ नावाची ५६ पिनांची जोडणी ठरवून दिली. मग कपाट तेच ठेवून नुसता बोर्ड बदलला की नवा गेम सुरू होऊ लागला. आपल्याकडच्या पार्लरवाल्यांचा धंदा यावरच चालला. त्यातले बरेचसे बोर्ड मूळ कंपनीचे नव्हते, नकला होत्या. त्यामुळे ‘अस्सल पार्लरचा अनुभव’ म्हणजे काय, हा तसा नाजूक प्रश्न आहे.

दुसरी वस्तू म्हणजे परवानाधारक छोटी मशीनं. अमेरिकेत ‘आर्केड-वन-अप’ने २०१८ मध्ये मूळ मशीनच्या तीन चतुर्थांश मापाची, सुटे भाग घरी जोडून उभी करायची मशीनं आणली. सुरुवातीची किंमत ३०० ते ४०० डॉलरच्या आसपास होती. यांत मोजकेच गेम असतात, पण ते रीतसर हक्क घेऊन दिलेले असतात. उंची मात्र जेमतेम चार फूट. खाली फूटभर उंचीचा ठोकळा लावला नाही, तर मोठ्या माणसाने वाकून तरी खेळावं, नाहीतर स्टूल घ्यावं.

तिसरी वस्तू आपल्याकडे सर्वांत जास्त दिसते: सुताराकडून करून घेतलेलं कपाट, त्यात एलसीडी पडदा, आणि आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक किंवा हजारो गेम भरलेला चिनी बोर्ड. हे मशीन वाईट असतंच असं नाही. पण घेताना आपण या तिघांपैकी नेमकं काय घेतोय ते माहीत हवं.

‘जुनं ते सोनं’

अस्सल जुन्या मशीनचं आकर्षण मला कळतं. त्या काचेच्या पिक्चर ट्यूबवर पॅक-मॅनचा पिवळा जसा दिसतो तसा एलसीडीवर दिसत नाही, हे खरंच. पण त्या ट्यूबचं उत्पादन आता जवळपास बंद झालेलं आहे. वर्षानुवर्षं एकच चित्र चालू राहिल्याने कित्येक जुन्या पॅक-मॅन मशीनच्या काचेवर तो चक्रव्यूह कायमचा उमटलेला असतो, मशीन बंद असतानाही दिसतो. आणि मागची फळी स्वतः उघडण्याचा मोह आवरा. रंगीत ट्यूबच्या आत वीस हजार व्होल्टच्या पुढे दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो शिल्लक राहू शकतो. हे काम जुन्या टीव्हीच्या मेकॅनिकचंच, यूट्यूब बघून करायचं नाही.

एक खोच तर अगदीच वेगळी. कॅपकॉमने १९९३ पासून वापरलेल्या ‘सीपीएस-२’ बोर्डांत गेम उलगडण्याची किल्ली एका बॅटरीवर तग धरून असते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि चांगला धडधाकट बोर्ड मुका होतो. त्यावर आता उपाय निघाले आहेत, पण विकणाऱ्याला ‘बॅटरी कधी बदलली?’ एवढं विचारून पाहा. तो गोंधळला, तर सौदा तिथेच थांबवा. अमेरिकेतून किंवा जपानमधून आलेलं मशीन असेल तर ते ११० किंवा १०० व्होल्टचं असण्याची शक्यता मोठी. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला ते थेट लावलं तर पहिला गेम सुरू व्हायच्या आत सगळं आटोपेल.

‘पाच हजार गेम, म्हणजे पैसा वसूल’

सर्वांत जास्त लोक फसतात ते या आकड्यावर. स्ट्रीट फायटर २ हा गेम १९९१ साली आला. मग त्याची चॅम्पियन एडिशन, टर्बो, सुपर, सुपर टर्बो अशी भावकी १९९४ पर्यंत वाढत गेली. प्रत्येकाची जपानी आवृत्ती वेगळी, अमेरिकी वेगळी, उरलेल्या जगाची वेगळी. त्यावर चोरट्यांनी केलेल्या भन्नाट आवृत्त्या, ज्यांत हवेत उडी मारून एकदम सहा गोळे सुटतात. मेन्यूमध्ये यातली प्रत्येक ओळ वेगळा गेम म्हणून मोजली जाते.

त्यापुढे जे खेळताच येत नाहीत ते. मिसाइल कमांड (१९८०) आणि सेंटिपीड (१९८१) हे गेम हाताने गोल फिरवायच्या चेंडूवर खेळायचे होते, टेम्पेस्ट (१९८१) गोल फिरणाऱ्या खुंटीवर. गाडीच्या गेमला स्टिअरिंग हवं, बंदुकीच्या गेमला बंदूक. जॉयस्टिक आणि सहा बटणांच्या मशीनवर ते सुरू होतात, पण हाताला काहीच लागत नाही. उरल्यासुरल्या जागेत जपानी माजाँगचे फरशांचे गेम भरलेले असतात, ज्यांच्या पडद्यावरचं एक अक्षर आपल्याला वाचता येत नाही.

चाळण लावून पाहिलं तर शे-दोनशे गेम बरे निघतात आणि घरात प्रत्यक्ष आठ-दहाच चालतात. म्हणून आकडा विचारू नका. आपल्याला हव्या त्या पाच गेमची नावं कागदावर लिहून न्या आणि विक्रेत्यासमोर ते पाचही खेळून पाहा.

‘इतके जुने गेम, आता त्यांचे हक्क कुणाचे?’

कंपन्यांचेच. भारतीय कॉपीराइट कायद्यात मुदत ६० वर्षांची आहे. म्हणजे १९८० च्या गेमचं संरक्षणही २०४० च्या आधी संपत नाही. गोंधळ होतो तो ‘मेम’मुळे. जुन्या बोर्डाचं वागणं संगणकावर हुबेहूब उभं करणारा हा प्रोग्रॅम इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केला. तो मोफत आणि पूर्णपणे कायदेशीर आहे. पण मेम म्हणजे नुसता वाजवणारा. त्यात घालायची गेमची फाइल ही वेगळी मालमत्ता, आणि ती मोफत नाही.

मशीनमधला माल परवान्याचा आहे का, हे ओळखायची आपल्याकडची एक सोपी खूण म्हणजे मुस्तफा. महाराष्ट्रातल्या पार्लरमध्ये ज्याच्यासाठी रांग लागायची तो ‘मुस्तफा’ म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स. चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो, आणि आपल्या पोरांनी अख्ख्या गेमचंच नामकरण करून टाकलं. हा गेम मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकवर बेतलेला असल्याने हक्कांचा धागा कॅपकॉमच्या बाहेर जातो. २०१८ मध्ये कॅपकॉमने मारामारीच्या सात जुन्या गेमचा संग्रह काढला, त्यात मुस्तफा नाही. त्यांच्याच २०२१ च्या ‘आर्केड स्टेडियम’ या संग्रहातही नाही. तेव्हा एखाद्या चकचकीत नव्या मशीनमध्ये मुस्तफा सुरू झाला, तर बाकीचे हजारो गेम कुठून आले असतील याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

घरात खेळणाऱ्याला यावरून कुणी धरून नेईल अशी भीती मी घालत नाही. मुद्दा व्यवहाराचा आहे. चोरीच्या मालाला दुरुस्ती नसते, सुधारित आवृत्ती नसते आणि तक्रार ऐकणारं कुणी नसतं. कॅफेत किंवा हॉटेलात ठेवून त्यावर पैसे घ्यायचा विचार असेल, तर मात्र गोष्ट बदलते. तिथे हक्कही लागतात आणि सार्वजनिक करमणुकीचे परवानेही. ज्यांना फक्त रीतसर पॅक-मॅन किंवा स्ट्रीट फायटर खेळायचा आहे त्यांच्यासाठी कंपन्यांचे अधिकृत संग्रह, घरचा टीव्ही आणि एक चांगली आर्केड स्टिक एवढ्यात काम भागतं, आणि मशीनपेक्षा स्वस्तात.

‘जॉयस्टिक ती जॉयस्टिक’

लोक पडदा बघतात, दिवे बघतात, कपाटावरचं चित्र बघतात. हात लावून कुणी बघत नाही. पॅक-मॅन आणि डाँकी काँग चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी बनवलेले आहेत, स्ट्रीट फायटर आठ दिशांच्या. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर पॅक-मॅन खेळलात की कोपऱ्यावर हात किंचित तिरका जातो, वळण हुकतं आणि भूत येऊन गिळतं. आपल्याला वाटतं, वय झालं. वय नाही, जॉयस्टिक चुकीची आहे. सान्वासारख्या जपानी कंपनीच्या नेहमीच्या जॉयस्टिकमध्ये खालची प्लास्टिकची चकती फिरवून बसवली की ती आठाची चार दिशांची होते. स्वस्त नकलांमध्ये ही सोय असेलच असं नाही.

पडद्याबाबतही ‘जितका मोठा तितका चांगला’ हे खरं नाही. पॅक-मॅनचं चित्र उभं आहे, २२४ बाय २८८ ठिपक्यांचं. ते ३२ इंची आडव्या टीव्हीवर नीट प्रमाणात दाखवलं तर मधे जेमतेम ३० सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते, दोन्ही बाजूंना काळोख. विक्रेता ते ताणून पडदाभर करून दाखवतो आणि गोल पॅक-मॅनचा आडवा पडलेला बटाटा होतो. ऑफिसातून निघालेला १९ इंची चौकोनी मॉनिटर या कामाला कितीतरी सरस.

विजेच्या बिलाची चिंता मात्र खरोखर फुकाची. एलसीडीवालं छोटं मशीन बारा व्होल्ट, पाच अँपिअरच्या अडॅप्टरवर चालत असेल तर जास्तीत जास्त ६० वॅट खातं, जुन्या पंख्यापेक्षाही कमी.

लाकडाचा प्रश्न त्याहून मोठा. छोटी मशीनं सहसा एमडीएफची असतात. मुंबईच्या किंवा कोकणातल्या दोन पावसाळ्यांत एमडीएफच्या खालच्या कडा फुगतात, स्क्रू सैल होतात. सुताराकडून करून घेणार असाल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय मागा, निदान खालच्या फळीसाठी आणि पायांसाठी तरी. मशीन ओल येणाऱ्या भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा.

‘मुलं मोबाइल सोडतील’

सोडतात, आठवडाभर. पुढे काय होतं ते समजायला पार्लरचं गणित बघावं लागतं. हे गेम कॉइन गिळण्यासाठी बनवलेले होते. दोन-तीन मिनिटांत सामान्य माणूस हरला पाहिजे आणि ‘एकदाच अजून’ म्हणून खिशात हात घातला पाहिजे, अशी त्यांची चढण आखलेली असे. त्या एका कॉइनमुळे प्रत्येक उडीला किंमत होती. मागे उभी असलेली पोरंही होती, तुमचा गेम कधी संपतो याची वाट बघत.

घरी पहिलं काम म्हणजे ‘फ्री प्ले’ चालू करणं. ही सोय पॅक-मॅनच्या मूळ बोर्डावरही छोट्या स्विचच्या रूपात होती. मग कॉइन अमर्याद. मेटल स्लग (१९९६) असो की मुस्तफा, मेलं की बटण, मेलं की बटण, असं करत दहा वर्षांचं पोरही तासाभरात शेवट गाठतं. शेवट बघून झाला की संपलं. ज्या गेमसाठी आपण महिनोन्‌महिने खाऊचे पैसे घालवले तो पोराला एका दुपारी ‘सोपा’ वाटतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

ज्या घरांत मशीन वर्षानुवर्षं चालतं तिथे बहुधा कुणीतरी फ्री प्ले बंद करून ठेवलेला असतो. कुणी खरंच कॉइनची पेटी बसवून घेतो, कुणी ‘एक डाव, मग पुढचा’ हा नियम पाळायला लावतो आणि गुणांची यादी फ्रिजवर चिकटवतो. यासाठी पॅक-मॅन, गॅलागा असे न संपणारे, फक्त गुणांवर चालणारे गेम जास्त टिकतात. आजी आणि नात एकाच यादीत येऊ शकतात ते यातच.

‘एकदा घेतलं की झालं’

मशीन आणायच्या आधी दार, जिना आणि लिफ्ट टेपने मोजा. पूर्ण मापाचं जुनं मशीन शंभर किलोच्या पुढे भरतं आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये आडवं करता येत नाही. दुसरी गोष्ट आवाजाची: पार्लरच्या गोंगाटात न ऐकू येणारा बटणांचा खटखटाट रात्री दहानंतर खालच्या मजल्यावर स्पष्ट पोहोचतो.

रास्पबेरी पायवालं मशीन असेल तर त्याचा जीव एका नखाएवढ्या मेमरी कार्डात असतो. चालू मशीनची वीज अचानक गेली, की ते कार्ड बिघडायची शक्यता असते. ज्या भागात वीज जाते-येते तिथे हे ठरलेलं. त्यामुळे पैसे देतानाच कार्डाची दुसरी प्रत हातात घ्या, ‘नंतर कुरियर करतो’ यावर जाऊ नका. बटणं आणि जॉयस्टिकमधले मायक्रोस्विच हे सर्वांत आधी झिजतात. ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत शोधायचे. जाताना जुना स्विच काढून बरोबर न्या, कारण दिसायला सारख्या स्विचची दाबण्याची ताकद वेगळी असते आणि एकाच मशीनवर दोन प्रकारची बटणं लागली तर डावा खेळाडू दर वेळी तक्रार करणार.