पिकाच्या राखणीस बंदूक कोणती घ्यावी?

मार्गशीर्षात तुरीस शेंगा धरू लागल्या व हरभरा फुलावर आला म्हणजे आमच्या हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याची झोप संपते. पैनगंगेच्या बाजूस सेनगाव व कळमनुरी तालुक्यांत, तसेच औंढ्याच्या डोंगरवजा भागात, रात्री रोह्यांचे व रानडुकरांचे कळप शिवारात उतरतात, आणि जागलीवरचा माणूस एका बांधावर डबा वाजवीत असता दुसऱ्या बांधाचे पीक तुडवून मोकळे होतात. अशा एखाद्या सकाळी शेतकऱ्याच्या मनात बंदुकीचा विचार येतो. आम्ही तहसील कचेरीत पुष्कळ वर्षे कारकुनी केली. परवान्यांची प्रकरणे आमच्या हाताखालून गेली. त्यामुळे सेवानिवृत्तीनंतरही मंडळी घरी येऊन विचारतात की, रायफल घ्यावी तर कोणती? आमचे उत्तर पुष्कळांस रुचत नाही. ते असे की, पिकाच्या राखणीस रायफल घेऊच नये.

ह्याचे कारण नळीत आहे. रायफलीच्या नळीस आतून आटे पाडलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत नेमकी व दूर जाते. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, व तिच्यातील छर्रे थोड्याच अंतरात पसरून जोर गमावतात. आपल्या देशात सामान्य परवानेदारास मिळणारी प्रसिद्ध रायफल म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची. यंत्र म्हणून ती उत्तम. परंतु तिची गोळी मैलभर पलीकडेही जीव घेऊ शकते. आपले शिवार घनदाट अरण्यात नाही. ह्या शेतात डुक्कर, त्या शेतात जागल्या, पलीकडे आखाड्यावर सालदाराची बायकापोरे, आणि त्यापुढे गाव, अशी आपली वस्ती. शिवाय अंधारात उंच तुरीमागे काय आहे ते कोणास दिसते?

एक प्रकरण आम्हांस विसरता येत नाही. कयाधूकाठच्या एका सधन शेतकऱ्याने स्वसंरक्षणाच्या कारणावर रायफलीचा परवाना मिळविला व बैलजोडी विकून रायफल आणली. चांदण्या रात्री त्याने डुकरावर म्हणून बार काढला. डुक्कर निघून गेले. गोळी दोन शेते ओलांडून शेजाऱ्याच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यातून आरपार गेली. आत शेजाऱ्याचा मुलगा नित्य निजत असे. त्या घटकेस तो पाण्याची बारी बदलावयास उठला होता, एवढेच निमित्त. आम्ही साहेबांबरोबर पंचनाम्यास गेलो, तेव्हा त्याच्या घोंगडीवर पत्र्याचा कीस पडलेला पाहिला. कागद लिहिताना आमचा हात थरथरला, हे सांगण्यास आम्हांस लाज वाटत नाही.

कायद्याचा कलही ह्याच बाजूस आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणाचा स्वतंत्र उल्लेख असून, त्या कामी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरी पडणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करता येते. ठासणीची बंदूक स्वस्त खरी. परंतु एक बार झाल्यावर दारू, बोळा व छर्रे पुन्हा ठासीपर्यंत जखमी डुक्कर अंगावर येऊन पोहोचते, आणि पावसाळी हवेत दारू सर्दली तर बार निघतच नाही. सबब अर्जातच आपल्या शिवाराची स्थिती व पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे दाखवून १२ बोअरची मागणी करावी, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे.

बारा बोअर ह्या नावाचा उलगडा असा की, नळीत बरोबर बसतील अशा शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. ह्या मापात एकनळी, दुनळी व पुढचा दस्ता मागेपुढे ओढून काडतूस भरण्याची पंप बंदूक असे प्रकार मिळतात. आमचे मत दुनळीकडे झुकते. दोन बार हाताशी राहतात, मोडून पाहिली म्हणजे भरलेली की रिकामी हे अंधारातही बोटाने कळते, आणि बिघडण्यासारखे भाग थोडे. पंप बंदुकीत काडतुसे अधिक मावतात. पण नवशिक्याच्या हाती एखादे आत राहून गेल्याचे ध्यानात येत नाही. ज्याची ऐपत बेताची त्याने एकनळी घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

जुनी दुनळी घेतल्यास पैसे वाचतात, मात्र डोळे उघडे ठेवावेत. नळ्या काढून उजेडाकडे धरून आतून पाहाव्या. गंजाचे खड्डे वा पोचा दिसल्यास मालकाचे गोड बोलणे ऐकू नये. बंद करून हलविली असता सांध्यात खडखड नसावी. चाचणीचे ठसे नळीवर आहेत का ते पाहावे. काडतुसाचे घर ६५ मिलिमीटरचे की ७० चे, हे जाणत्या बंदूक-कारागिराकडून मापून घ्यावे. लहान घरात लांब काडतूस भरल्यास ते बसल्यासारखे दिसते, पण दाब वाढून नळी फुटण्याचे भय असते. पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नागमोडी नक्षीच्या जुन्या नळ्या दिसावयास सुंदर, परंतु हल्लीच्या काडतुसांस त्या योग्य नव्हेत. वाडवडिलांची बंदूक घरात असेल तर तिचीही हीच परीक्षा करावी. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानेदाराच्या पश्चात वारसास ती आपल्या नावे करून मागता येते. परस्पर वापरणे मात्र गुन्हा होय.

डुकरासाठी एल. जी. किंवा एस. जी. हे मोठे छर्रे लागतात. पहिल्याच्या काडतुसात सहासात, दुसऱ्याच्यात आठनऊ दाणे असतात. तीस-पस्तीस पावलांपलीकडे बार टाकू नये. दाणे पांगतात व जनावर जखमी होऊन दुसऱ्याच्या शेतात मरते किंवा माणसावर उलटते. बार नेहमी माळ्यावरून खाली जमिनीकडे काढावा, म्हणजे चुकलेला दाणा मातीत जातो. मुरमाड व खडकाळ बांधावर तेवढाही भरवसा नाही.

आता सर्वांत मोठा गैरसमज. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव अधिनियमात १९९१ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हौसेच्या शिकारीचा मार्ग बंद झाला आहे. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या जनावरास मारावयाचे तर ११ व्या कलमाखाली अधिकृत वनाधिकाऱ्याचा कारणांसह लेखी हुकूम पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर व रोही ह्यांच्याविषयी निर्णय काढून ही वाट काहीशी सोपी केली. तरी प्रत्येक वेळी वनपरिक्षेत्र कार्यालयात चालू हुकूम काय आहे हे विचारूनच पाऊल टाकावे. हुकुमाने मारलेले जनावरही सरकारचे. त्याचे मांस वाटून घेणाऱ्यांस आम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढताना पाहिले आहे. काळवीट व मोर पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या शिकारीस तीन वर्षांहून कमी शिक्षा नाही.

बंदूक मिळत नाही म्हणून कित्येक जण कुंपणात विजेचा प्रवाह सोडतात. रात्री पाणी धरावयास गेलेला शेजारी वा स्वतःचाच मुलगा त्या तारेवर पडतो. ह्या उपायापुढे आम्ही आमची रायफलीवरील सर्व टीका मागे घ्यावयास तयार आहो!

खर्चाचा अंदाज बांधताना केवळ बंदुकीची किंमत धरू नये. परवान्याची फी, शस्त्र हाताळण्याचे शिक्षण, कुलपाची लोखंडी पेटी, काडतुसे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी घालाव्या लागणाऱ्या खेपा, हे सर्व मांडून पाहावे. एवढ्या रकमेत जाळीचे कुंपण किती होते हेही त्याच कागदावर लिहावे. चारपाच खातेदारांनी मिळून शिवार बंदिस्त केल्यास बंदुकीचे कामच पडत नाही, असे आम्ही पाहिले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. ती संपण्यापूर्वीच नूतनीकरणाचा अर्ज द्यावा. निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम आला, तर नंबर, नळ्यांची स्थिती व काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नये.