महापौर कोण निवडतो, शहर कोण चालवतो? काही पक्के गैरसमज

२०२५ चा नोव्हेंबर ते २०२६ चा जानेवारी या तीन महिन्यांत शहरांच्या कारभाऱ्यांविषयी जेवढी चर्चा झाली, तेवढी एरवी वर्षभरात होत नाही. ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कने झोहरान ममदानी यांना महापौर म्हणून निवडले. डिसेंबरात यवतमाळसह राज्यभरातल्या नगर परिषदांची निवडणूक झाली. १५ जानेवारीला मुंबई, नागपूर, अमरावती, अकोला अशा २९ महापालिकांचे मतदान झाले. यवतमाळच्या लोहाऱ्यातल्या माणसाने टीव्हीवर या तिन्ही निवडणुका लागोपाठ पाहिल्या आणि ‘महापौर’, ‘नगराध्यक्ष’, ‘आयुक्त’, ‘मुख्याधिकारी’ या पदांची सरमिसळ झाली. आपले मत नेमके कशावर चालते हे कळल्याशिवाय पुढची पाच वर्षे जाब विचारता येत नाही. म्हणून एकेक गैरसमज घेऊ.

गैरसमज १ : मोठ्या शहरातला मतदार महापौर निवडतो, आपण लहान गावचे, आपल्याला तो हक्क नाही.

वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. महाराष्ट्रात महापालिकेचा मतदार फक्त नगरसेवक निवडतो. निवडून आलेले नगरसेवक सभागृहात बसून, हात वर करून महापौर ठरवतात. महापौरपदाची मुदत अडीच वर्षांची असते. मुंबईतल्या मतदाराने आजवर महापौराच्या नावापुढचे बटण कधी दाबलेले नाही.

लोहारा आता स्वतंत्र ग्रामपंचायत नाही. यवतमाळच्या हद्दवाढीत वाघापूर, पिंपळगाव, उमरसरा यांच्यासह ते नगर परिषदेत आले. नगर परिषदेचा नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो, पाच वर्षांसाठी. म्हणजे लोहाऱ्यातल्या मतदाराच्या हातात एक जास्तीचे मत आहे, जे नागपूरकराकडे नाही आणि मुंबईकराकडेही नाही. उद्या यवतमाळची महापालिका झाली, तर सध्याच्या कायद्याप्रमाणे हे मत जाईल. महापालिकेची मागणी करणाऱ्यांनी ही बाजूही लोकांपुढे मांडायला हवी.

गैरसमज २ : थेट निवड ही कायमची पद्धत आहे.

नगराध्यक्ष कोणी निवडायचा, याचे उत्तर महाराष्ट्राने अनेकदा बदलले. १९७४ मध्ये थेट निवड झाली. २००१ मध्ये ती पुन्हा आली आणि काही वर्षांत गेली. २०१६ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारने ती परत आणली, २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने ती रद्द केली आणि २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारने पुन्हा लागू केली. सरपंचाच्या थेट निवडीचेही तसेच झाले : २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परतली. सत्तेवर आलेल्या प्रत्येक आघाडीने आपल्या सोयीचा नियम केला आणि मतदाराला कोणी विचारले नाही. हा हक्क संविधानाने दिलेला नाही. तो राज्याच्या कायद्यात आहे आणि विधानसभेतल्या बहुमताने काढून घेता येतो.

गैरसमज ३ : सर्वाधिक जागा ज्या पक्षाच्या, महापौर त्याचाच.

अहमदनगर महापालिकेत २०१८ मध्ये शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली, राष्ट्रवादी दुसऱ्या क्रमांकावर आणि भाजप तिसऱ्या. महापौर झाले भाजपचे, कारण राष्ट्रवादीच्या नगरसेवकांनी त्यांना साथ दिली. जळगावात त्याच वर्षी भाजपने ७५ पैकी ५७ जागा जिंकल्या होत्या. तरी १८ मार्च २०२१ रोजी शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या, कारण भाजपचेच नगरसेवक फुटले.

महापौर निवडणाऱ्यांची संख्या बहुतेक ठिकाणी शे-सव्वाशेच्या आत असते, मुंबईत ती २२७. मूठभर माणसे इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. म्हणून मतदानानंतर नगरसेवकांना सहलीला नेऊन हॉटेलात ठेवण्याची वेळ पक्षांवर येते. मतदाराने ज्या चिन्हावर बटण दाबले, त्या चिन्हाचा निरोप सभागृहात पोहोचेलच याची खात्री या पद्धतीत नाही.

गैरसमज ४ : थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला कोणी अडवू शकत नाही.

२०१६ मध्ये यवतमाळने याचे उत्तर पाहिले. शिवसेनेच्या कांचन चौधरी थेट जनतेतून नगराध्यक्ष झाल्या, सभागृहात मात्र संख्याबळ भाजपचे अधिक होते. नगराध्यक्षाला लोकांनी निवडले आणि नगरसेवकांनाही लोकांनीच निवडले, त्यामुळे दोघांकडेही जनादेश होता. ठराव, अंदाजपत्रक, विषय समित्या यांना सभागृहाची मान्यता लागते. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे, असे झाले की प्रत्येक विषय ताणला जातो.

याची सुरुवात मतदान केंद्रातच होते. नगर परिषदेचा मतदार एक मत नगराध्यक्षाला देतो आणि त्याशिवाय प्रभागातल्या जागांसाठी, बहुतेक प्रभागांत दोन, वेगळी मते देतो. वरचे मत एका पक्षाला आणि खालची दुसऱ्याला देणे हा मतदाराचा अधिकार आहे, आणि कधीकधी शहाणपणही. पण त्याचा परिणाम काय होईल, हे समजून तसे करावे.

गैरसमज ५ : महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री.

न्यूयॉर्कचा महापौर खरोखर शहर चालवतो. पोलीस आयुक्तासह खात्यांचे प्रमुख तो नेमतो, अंदाजपत्रक मांडतो. म्हणूनच तिथले आधीचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावर २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आरोपपत्र दाखल झाले, तेव्हा सगळ्या शहराचा कारभार चर्चेत आला. पुढे खटला रद्द झाला, तरी गेलेला लोकांचा विश्वास परतला नाही आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली. कारभार त्यांच्या हातात होता, म्हणून त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

आपल्याकडे तसे नाही. मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्याने चालतो आणि राज्यातल्या इतर महापालिकांचा १९४९ च्या. दोन्हीकडे कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतो आणि आयुक्ताला राज्य सरकार नेमते. खर्चाच्या मोठ्या मंजुऱ्या स्थायी समितीकडे असतात. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून त्याला मान असतो, पण अधिकारी त्याच्या सहीने हलत नाहीत. नगरसेवकांना आयुक्त नकोसा झाला तरी त्याला हटवणे सोपे नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईत बहुसंख्य नगरसेवकांनी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला. सरकारने त्यांना लगेच हलवले नाही. बदली झाली ती २०१७ च्या मार्चमध्ये.

महाराष्ट्राने एकदा वेगळा मार्ग चाचपला होता. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर महापालिकांत ‘महापौर परिषद’ पद्धत आणली गेली, ज्यात कार्यकारी अधिकार महापौर आणि त्यांच्या परिषदेकडे होते. १९९९ मध्ये ती गुंडाळली गेली. एवढ्या थोड्या काळात प्रयोग फसला की यशस्वी झाला हे ठरवता येत नाही, पण त्यानंतर कोणत्याही सरकारने तो धीराने पुन्हा करून पाहिला नाही.

नगर परिषदेत चित्र थोडे वेगळे आहे. १९६५ च्या कायद्याप्रमाणे नगराध्यक्ष सभा चालवतो, स्थायी समितीचा अध्यक्ष असतो आणि कारभारावर देखरेख ठेवतो. अंमलबजावणी मात्र मुख्याधिकाऱ्याकडे असते आणि तोही सरकारनेच नेमलेला असतो.

गैरसमज ६ : बदनाम महापौराला लोक पुढच्या निवडणुकीत घरी बसवतील.

लोकांना तशी संधीच क्वचित मिळते. महापौरपदाचे आरक्षण सोडतीने फिरते. सर्वसाधारण, मागासवर्ग, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि या सगळ्यांत निम्मी पदे महिलांसाठी. ज्या समाजांना आणि ज्या बायकांना या खुर्चीपर्यंत कधीच येऊ दिले नव्हते, त्यांच्यासाठी हे आरक्षण मोलाचे आहे आणि ते राहिले पाहिजे. पण त्याचा एक परिणाम असा की विद्यमान महापौर पुन्हा त्याच पदासाठी उभा राहणे दुर्मीळ होते. चांगल्याला शाबासकी मिळत नाही, वाईटाला शिक्षा मिळत नाही. मधल्या काळात हटवायचे म्हटले तर महापालिका कायद्यात महापौरावर साध्या अविश्वास ठरावाची सोय नाही. २०१५ मध्ये कोल्हापूरच्या तत्कालीन महापौरांवर लाचेच्या आरोपावरून कारवाई झाली. सर्वपक्षीय मागणी होऊनही त्यांनी राजीनामा दिला नाही. शेवटी राज्य सरकारने त्यांचे नगरसेवकपद रद्द केले, तेव्हा महापौरपद गेले. तोवर कित्येक महिने सभागृह ठप्प होते.

नगराध्यक्षाबाबत २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, की नगरसेवकांच्या दोन-तृतीयांश बहुमताने त्याला पदावरून दूर करता यावे. लोकांनी थेट निवडलेल्या माणसाला हटवण्याचा निर्णय पुन्हा लोकांकडे न जाता सभागृहात होतो, हे मतदाराने ध्यानात ठेवावे. म्हणजे खालची दोन मते वरच्या एका मताचे भवितव्यही ठरवतात.

गैरसमज ७ : नळाला पाणी नाही, रस्ता खराब, म्हणजे दोष नगराध्यक्षाचा.

यवतमाळ शहराचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. निळोणा आणि चापडोह धरणांतून आणि बेंबळ्याच्या योजनेतून येणाऱ्या पाण्याचा जाब प्राधिकरणाला विचारावा लागतो. २०१८ च्या उन्हाळ्यात शहर तहानले, तेव्हा मोर्चा कोणत्या दारावर न्यायचा हाच गोंधळ होता. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतले अंतर्गत रस्ते औद्योगिक विकास महामंडळाचे. मोठे मार्ग बांधकाम विभागाचे किंवा महामार्ग यंत्रणेचे.

नगर परिषदेच्या वाट्याला येते ते असे : कचरा उचलणे, नाल्या, पथदिवे, वस्तीतले रस्ते, बाजाराची व्यवस्था, नगर परिषदेच्या शाळा, बांधकाम परवाने, मालमत्ता कर. ही कामे रोज डोळ्यांसमोरची आहेत आणि यात नगराध्यक्ष व नगरसेवक दोघांनाही पळवाट नाही. हद्दवाढीत आलेल्या लोहाऱ्यासारख्या वस्तीने तर हा हिशेब आणखी काटेकोरपणे मागायला हवा. कर शहराच्या दराने घेतला जात असेल, तर नाली आणि दिवाही शहराच्या तोडीचा मिळाला पाहिजे.

गैरसमज ८ : लोकप्रतिनिधी नसले तरी काही अडत नाही, प्रशासक चांगले काम करतो.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, त्यानंतर जवळपास चार वर्षे महापौरही नव्हता आणि नगरसेवकही. यवतमाळ नगर परिषदेवरही प्रशासक होता. आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढण्यास सांगितले. प्रशासक कितीही कार्यक्षम असला, तरी तो कलेक्टर कचेरीला आणि मंत्रालयाला उत्तर देतो. लोहाऱ्यातली आजी तुंबलेल्या नालीची तक्रार घेऊन नगरसेवकाच्या ओसरीवर जाऊ शकते, प्रशासकाच्या दालनात तिला चिठ्ठी आत पाठवून ताटकळावे लागते. चार वर्षे हे दार बंद राहिले, ही लहान गोष्ट नव्हे.

या सगळ्यातून मतदाराने घ्यायचे ते एवढेच. तक्रार करण्याआधी ते काम कोणाच्या अखत्यारीत आहे ते विचारा, आणि मग त्याच माणसाला, लेखी, पोच घेऊन विचारा. नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेत आपल्या प्रभागाचा विषय आला का, नगरसेवकाने कोणत्या बाजूने हात वर केला, अंदाजपत्रकात आपल्या वस्तीसाठी किती तरतूद झाली, ही माहिती मागण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याने २००५ पासून प्रत्येकाला आहे. नगराध्यक्ष थेट निवडण्याचे मत मुंबईकराला मिळालेले नाही, लोहारेकराला मिळाले आहे. ते टिकवायचे असेल, तर निवडून दिलेल्या माणसाला पाच वर्षे एकटे सोडून चालणार नाही.