गाडी बाहेर दाखवण्यापूर्वी

मोटारीची हमीमुदत संपत आली की घरोघरी एक विचार सुरू होतो: यापुढे गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच न्यावी, की ओळखीच्या मिस्त्रीच्या स्वाधीन करावी? या प्रश्नाचा निकाल बहुधा विश्वास आणि काटकसर या दोन कसोट्यांवर लावला जातो. माझ्या मते त्याचा निकाल प्रत्येक वेळी दुरुस्तीच्या स्वरूपावरून लावला पाहिजे, आणि ते स्वरूप समजून घेण्याचे कष्ट मालकाने घेतले, तर तीच गाडी एका कामासाठी शोरूमला आणि दुसऱ्या कामासाठी गॅरेजात नेण्यात कोणतीही विसंगती नाही.

प्रथम हमीविषयीच्या भयाचा विचार करू. बाहेरच्या माणसाने हात लावला की वॉरंटी संपली, ही समजूत इतकी रूढ आहे की पुष्कळ लोक तिला कायदाच मानतात. वस्तुतः भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा मोटारकंपन्यांविरुद्ध दिलेल्या निर्णयात, सुमारे 2,545 कोटी रुपयांच्या दंडाबरोबरच असाही हुकूम केला होता की, केवळ स्वतंत्र कारागिराकडून काम करून घेतले एवढ्या कारणास्तव हमी सरसकट रद्द करण्याची अट कंपन्यांना घालता येणार नाही. त्या कामातील दोषामुळे जे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. या निर्णयावर पुढे अपिले झाली आणि प्रकरण वरच्या न्यायासनांपुढे गेले. परंतु हक्क असणे आणि तो बजावून घेणे यांत अंतर असते. बिघाडाचे मूळ कोठे आहे याचा वाद घालण्याची वेळ आली, तर तपासणीची साधने आणि दप्तर दोन्ही कंपनीच्या हाती असतात. म्हणून हमीची मुदत चालू आहे तोवर अधिकृत दार सोडू नये, असेच मी म्हणेन.

मुदत संपल्यावर मात्र चित्र पालटते, आणि त्याचे मर्म सुट्या भागांच्या व्यवहारात आहे. कोणतीही मोटारकंपनी आपल्या गाडीचे सगळे भाग स्वतः घडवीत नाही. नाशिककर ज्या कारखान्याला आजही ‘मायको’ म्हणतात, त्या बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. क्लच, ब्रेक पॅड, अल्टरनेटर यांचेही असेच निरनिराळे पुरवठादार आहेत. त्यांचा माल मोटारकंपनीचे नाव छापलेल्या खोक्यातून आला की महाग, आणि पुरवठादाराच्या स्वतःच्या खोक्यातून आला की पुष्कळदा स्वस्त पडतो. पुरवठादारांना हा माल खुल्या बाजारात विकण्यास करारांनी केलेली आडकाठी, हाच आयोगापुढील प्रकरणाचा एक मुख्य भाग होता. पुण्याच्या नाना पेठेत अशा खोक्यांची दुकाने ओळीने लागलेली आहेत, आणि चांगला मिस्त्री कोणता माल कोठून उचलावा हे पक्के जाणून असतो. त्याच बाजारात डुप्लिकेट मालही हुबेहूब वेष्टनात फिरतो, हे मात्र विसरता कामा नये. खोके आपल्यासमोर फोडावयास सांगणे आणि दुकानाचे पक्के बिल मागणे, यात संकोच बाळगू नये.

अल्टरनेटरचेच उदाहरण घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीचा लाल दिवा विझेनासा झाला, की सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा अख्खा अल्टरनेटर बदलण्याचे एस्टिमेट हाती पडते. तोच अल्टरनेटर ऑटो-इलेक्ट्रिशियनच्या बाकावर उघडला, तर पुष्कळदा आत आढळते ते इतकेच की, कार्बनचे दोन चिमुकले ब्रश झिजून आखूड झाले आहेत, किंवा बेअरिंग घरघरते आहे. तेवढे बदलून यंत्र पुन्हा वर्षानुवर्षे चालते. यात सर्व्हिस सेंटरची लबाडीच असते असे नाही. केलेल्या कामाची हमी ज्याला लेखी द्यावयाची आहे, त्याला अर्धवट जुने यंत्र परत बसवणे परवडत नाही. इंजिन फ्लशिंग, अंडरबॉडी कोटिंग यांसारख्या ज्या बाबी जॉबकार्डावर आपसूक चढतात, त्यांची गोष्ट निराळी. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील देखभालीच्या तक्त्यात त्या नसतील, तर निःसंकोच खोडून टाकाव्यात.

काही कामे मात्र गॅरेजात नेऊच नयेत. एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आणि हायब्रिड किंवा विजेवरील गाडीच्या नारिंगी केबली यांना विशेष शिक्षण नसलेल्या माणसाचा हात लागणे जिवावर बेतू शकते. किल्लीचे कोडिंग आणि संगणकीय प्रणालीतील सुधारणा यांसाठीही कंपनीचीच साधने लागतात. आता पुष्कळ गॅरेजांत स्कॅनर आले आहेत आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून ते बिघाडाचा कोड वाचतातही. पण कोड म्हणजे निदान नव्हे. कोड ऑक्सिजन सेन्सरचे नाव घेतो, सेन्सर नवा बसतो, आणि दिवा पुन्हा लागतो, कारण खरा दोष सायलेन्सरच्या पाइपातील गळतीत असतो. जो मिस्त्री कोड वाचल्यानंतरही गाडीखाली वाकून पाइप तपासतो, तो मिळाला तर त्याला जपावे.

कारखान्यातच राहून गेलेल्या दोषासाठी कंपनी गाड्या परत बोलावते, तेव्हा ते काम अधिकृत ठिकाणी विनामूल्य होते. मोटारवाहन कायद्यातील सुधारणेनुसार 1 एप्रिल 2021 पासून या ‘रिकॉल’विषयीचे नियमही अमलात आले आहेत. गाडी जुनी असली, दुसऱ्या हाताने घेतलेली असली, तरी सतरा अक्षर-अंकी चासी क्रमांक सांगून चौकशी करता येते. आणि नेहमी बाहेर काम करून घेणाऱ्या मालकाने ही चौकशी वर्षातून एकदा आवर्जून करावी, कारण सर्व्हिस सेंटरच्या दप्तरातील त्याचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक जुना झालेला असण्याचा संभव असतो.

काम कोठेही करा, काढलेला जुना भाग परत मागावा आणि बिलावर किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. पुढे गाडी विकावयास काढाल, तेव्हा गिऱ्हाईक सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मागेल; त्या जिथे थांबल्या, तिथून पुढचा पुरावा म्हणून गॅरेजची तारीखवार बिलेच त्याच्यापुढे ठेवता येतील.